वाळवंटात एक रात्र: मराठवाड्यातून जैसलमेरच्या उंट-सफरीला जायचं असेल तर

उंटाची सफर म्हटलं की आपल्याकडचा सगळा हिशोब उंटाभोवती फिरतो. किती तास उंटावर, किती किलोमीटर, फोटो किती मिळतील. माझं म्हणणं उलट आहे. उंट दोन तास पुरतो, त्यानंतर मांड्या बोलायला लागतात. जे आपल्याला मराठवाड्यात कुठेच मिळणार नाही, ते म्हणजे वाळूवर, उघड्या आभाळाखाली काढलेली रात्र. म्हणून बेत आखायचा तो त्या रात्रीचा. उंट हे तिथवर पोचायचं वाहन.

तसा उंट आपल्याला अगदीच परका नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बघितलेला असतो, वरातीत बघितलेला असतो. मेंढ्यांच्या कळपामागून खाटा-भांडी लादून चाललेला उंटही काहींनी पाहिला असेल. पण खालून बघणं वेगळं आणि वर बसून वाळूची टेकडी उतरणं वेगळं. ते कसं जमवायचं, हे पुढे क्रमाने सांगतो.

आधी तारीख, आणि ती कालनिर्णय बघून

जैसलमेरचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. उन्हाळ्यात तिथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा नावच काढू नका. त्यातही नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ चांगला. दोन आठवडे टाळा: दिवाळीचा, कारण तेव्हा अर्धं गुजरात जैसलमेरला उतरलेलं असतं, आणि नाताळ ते नवीन वर्षाचा. या दिवसांत खोल्यांचे भाव चढतात आणि वाळूच्या टेकडीवर माणसं मोजावी लागतात. शेतीवाल्या घरांना रब्बीची पेरणी उरकल्यावर आणि तुरी काढायला येण्याआधी जी थोडी उसंत मिळते, ती नेमकी सोयीची. माघ पौर्णिमेच्या सुमारास जैसलमेरचा मरु महोत्सव असतो. उंटांच्या शर्यती, पगडी बांधण्याच्या स्पर्धा बघायच्या असतील तर तेव्हा जा. शांतता हवी असेल तर तेव्हा जाऊ नका.

आता तिथी. हे कुणी सांगत नाही, पण रात्र चांगली जाणार की नाही ते यावर ठरतं. पौर्णिमेला वाळू अशी उजळते की बॅटरी लागत नाही, मात्र चांदण्या फिक्या पडतात. अमावस्येला आभाळ गच्च भरलेलं असतं, पण जेवताना ताटातलं दिसत नाही. मला विचाराल तर शुद्ध पंचमी ते सप्तमी गाठा. संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो, जेवणं होतात, गप्पा होतात आणि दहा ते बाराच्या दरम्यान तो मावळला की खरा अंधार पडतो.

रात्र किती मोठी असते तेही ध्यानात घ्या. डिसेंबरच्या शेवटी जैसलमेरला सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत जवळजवळ साडेतेरा तास जातात. शिवाय हे गाव आपल्यापेक्षा बरंच पश्चिमेला आणि उत्तरेला आहे, त्यामुळे जानेवारीत सूर्य साडेसातच्या सुमारास वर येतो. सहाला उठून चहा पिणाऱ्या माणसाला ही रात्र लांब वाटते.

जायचं कसं

सरळ मार्ग जोधपूरवरून. नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यातल्या लोकांनी देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीत मुंबई गाठावी. लातूर-धाराशिवकरांना लातूर-मुंबई एक्स्प्रेस आहेच. बीडकरांनी ट्रॅव्हल्स धरलेली बरी. मुंबईहून दुपारी वांद्रे टर्मिनसवरून सूर्यनगरी एक्स्प्रेस निघते, ती सुरत, वडोदरा, अहमदाबाद करत दुसऱ्या दिवशी सकाळी जोधपूरला पोचते. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची लोकल पकडायची. पण वांद्रे टर्मिनस म्हणजे वांद्र्याचं लोकल स्टेशन नव्हे. लोकल स्टेशनवरून पुढे सामानासकट रिक्षा करावी लागते. मुंबईत हातात चार-पाच तास ठेवा, कारण गाडी उशिरा आली तर धावपळ होते ती म्हाताऱ्या माणसांची. जैसलमेरला थेट जाणाऱ्या गाड्याही आहेत, पण त्या रोज नसतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तिथी ठरली की तो दिवस गाठून तिकीट काढा. वेळापत्रक तेव्हाच तपासून घ्या.

जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. रेल्वे किंवा बस, पाच-सहा तास. सकाळी जोधपूरला उतरून मेहरानगड बघायचा आणि दुपारनंतर पुढे निघायचं, हा क्रम बरा.

प्रवासाला धपाटे घ्याच. ते दोन दिवस टिकतात, दुधात मळलेल्या दशम्या आणखी थोड्या जास्त. शेंगदाण्याची चटणी मात्र परतेपर्यंत पुरेल एवढी घ्या. ती वाळवंटातही लागणार आहे, ते पुढे येईलच.

जैसलमेरला पोचलात त्याच दिवशी वाळवंटात शिरू नका. दोन रात्रींच्या गाडीच्या प्रवासानंतर उंटावर बसलेला माणूस रात्री आठला पेंगतो आणि ज्यासाठी आला ते झोपेत घालवतो. एक दिवस गावात काढा. रावळ जैसल यांनी ११५६ मध्ये वसवलेला किल्ला अजून नांदता आहे. आत घरं, दुकानं, जैन मंदिरं, सगळं आहे. गडीसर तलाव बघा. आणि याच दिवशी सफरीचं पक्कं करा.

सम की खुरी, तंबू की उघड्यावर

इथे नीट थांबून विचार करायचा, कारण पैसे वाया जातात ते या टप्प्यावर.

सम हे गाव जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर. वाळूच्या टेकड्या रस्त्याला लागूनच, आणि ओळीने तंबूंचे कॅम्प. संडास-बाथरूम जोडलेले पक्के तंबू, संध्याकाळी कालबेलिया नाच आणि मांगणियार गायकांचं गाणं, त्यानंतर बहुतेक ठिकाणी डीजे, मग बुफे जेवण. यात ‘कॅमल सफारी’ म्हणजे सूर्यास्ताच्या वेळी वीस मिनिटं ते अर्धा तास उंटावर एक चक्कर. जीपगाड्या टेकड्यांवरून घरघरत असतात. खुरी हे गाव नैर्ऋत्येला, साधारण तेवढ्याच अंतरावर. तिथे वर्दळ कमी, गावातल्या घरांतून राहण्याची सोय, आणि टेकड्याही देखण्या.

तिसरा प्रकार म्हणजे खरी उंट-भटकंती. जीपने शहरापासून लांब एखाद्या ढाणीजवळ, म्हणजे आपल्या वस्तीसारख्या चार घरांपाशी सोडतात. तिथून दोन-अडीच तास उंटावरून, मग एखाद्या टेकडीच्या पोटात मुक्काम. उंटवालेच स्वयंपाक करतात. तंबू नाही, खाट नाही, संडास नाही. वाळूवर चादर, त्यावर रजई.

घरात सत्तरीचे आई-वडील किंवा तान्हं मूल असेल तर खुरीकडे किंवा समच्या एका टोकाला असलेला शांत कॅम्प घ्या आणि बुक करतानाच विचारा की डीजे किती वाजता बंद होतो. उत्तर देताना समोरचा अडखळला तर दुसरा बघा. बाकी सगळ्यांनी, म्हणजे ज्यांना जमिनीवर बसून जेवता येतं आणि उकिडवं बसता येतं त्यांनी, तिसरा प्रकार घ्यावा.

सम आणि खुरीचा परिसर १९८० साली घोषित झालेल्या राष्ट्रीय मरु उद्यानाच्या हद्दीत येतो. ३,१६२ चौरस किलोमीटरचं हे उद्यान म्हणजे माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं, आणि जो तिथे आता क्वचितच दिसतो, तोच हा पक्षी. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात, तो त्यांचा राज्यपक्षी आहे. तुमचा मुक्काम नेमका कुठे आहे आणि तिथे थांबायची रीतसर परवानगी आहे का, हे सफर ठरवताना विचारून घ्या. सीमा जवळ असल्यामुळे काही भागांत प्रवेशावर बंधनं आहेत. ड्रोन घरीच ठेवा.

ठरवताना काय विचारायचं

स्टेशनबाहेर तुम्हाला लोक घेरतील. खोली अगदी कवडीमोलाने देऊ करतील. खोली स्वस्त असते, कारण त्या हॉटेलवाल्याची सफर घेणं गृहीत धरलेलं असतं. नाही म्हटलं की चेहरा बदलतो. खोली आणि सफर हे दोन सौदे वेगळे ठेवा.

भाव मी सांगत नाही, तो आठवड्यागणिक बदलतो. पण दोन ठिकाणचे भाव शेजारी ठेवताना नेमकं काय मिळणार ते बघा. माणशी एक उंट की दोघांत एक? उंटावर प्रत्यक्ष किती वेळ? जीपचा वेळ त्यात धरून ‘पाच तासांची सफारी’ सांगायची पद्धत आहे. प्यायचं पाणी माणशी किती? बंद बाटल्या की कॅन? रजया माणशी किती, आणि त्यांच्यावर धुतलेलं अभ्रं असतं का? पलाणाला, म्हणजे उंटाच्या खोगिराला, पाय ठेवायला रिकीब आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारला की समोरच्याला कळतं, हे गिऱ्हाईक कच्चं नाही. रिकीब नसेल तर पाय लोंबकळत राहतात आणि तासाभरात गुडघे आणि मांडीचा आतला भाग ठणकायला लागतो.

आणखी एक: मुक्कामाच्या जागी दुसरी मंडळी किती असतील? ‘प्रायव्हेट’ म्हणून सांगितलेल्या टेकडीपलीकडे वीस जण बसलेले असू शकतात. त्याला हरकत नाही, पण आधी माहीत असावं. शक्य असेल तर पूर्ण पैसे आधी देऊ नका, काही परतल्यावर.

सामान: कमी, पण नेमकं

थंडीचा अंदाज आपल्याकडचे लोक चुकवतात. ‘राजस्थान म्हणजे गरम’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की एका स्वेटरवर येतात. जानेवारीत दिवसा २३-२४ अंश असतात, रात्री शहरातच सात-आठ, आणि उघड्या वाळूवर त्याहून बरंच खाली. थंडीच्या लाटेतलं परभणी ज्यांनी अनुभवलंय त्यांना कल्पना येईल. हवेत बाष्प कमी, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य गेल्याबरोबर उष्णता सोडून देते. संध्याकाळी सहाला अंगावर शर्ट आणि आठला दात वाजतायत, असं होतं.

कपडे एकावर एक चढवता येतील असे घ्या: आतून थर्मल, वर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, स्वेटर, आणि वारा अडवणारं जाकीट. कानटोपी हवीच. लोकरी मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी वेगळा, कोरडा ठेवा. दिवसभर घातलेले मोजे घामाने दमट होतात आणि रात्री पाय गार पडतात ते त्यामुळे. दिलेल्या रजया जड असतात, पण पहाटे दव पडलं की वरून ओलसर होतात. शक्य असेल तर घरची एक पातळ वाकळ न्या. जुन्या सुती साडीची वाकळ गुंडाळली की बॅगेच्या तळाशी बसते, आणि दुसऱ्याच्या रजईच्या आत ती अंगालगत घेतली की ऊबही राहते आणि स्वच्छतेचा प्रश्नही सुटतो. ज्यांना हे ओझं नको त्यांनी एक चादर तीन बाजूंनी शिवून पिशवी करून न्यावी.

खाली जीन्स नको. जाड शिवण मांडीत घासते आणि दुसऱ्या दिवशी चालताना आठवण देते. सैल पायजमा, सलवार किंवा ट्रॅकपँट. सहावारी साडीवर उंटावर बसू नका. नऊवारी मात्र चालते, तिची रचनाच घोड्यावर बसायला जमेल अशी आहे. डोक्याला मोठा सुती रुमाल किंवा उपरणं, जे वारा सुटला की नाका-तोंडावर ओढता येईल.

पायात बूट-मोजे. वाळूत अनवाणी चालायला छान वाटतं, टेकडीवर खुशाल चाला, पण टेकडीच्या पायथ्याशी जिथे गवत सुरू होतं तिथे भुरट नावाचं काटेरी बी असतं. ते मोज्यात, कपड्यात, अंगठ्याच्या कडेला असं रुतून बसतं की चिमट्यानेच निघतं. चिमटा घ्या.

बाकी: डोक्याला बांधायची बॅटरी, पॉवर बँक, फोनसाठी घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, ओठांना लावायला व्हॅसलीन, नेहमीची औषधं आणि ओआरएस, टिश्यू, आणि कचरा परत आणायला दोन पिशव्या. रोख पैसे सुटे घ्या. रेंज नसली की यूपीआय उघडत नाही. गळ्यातलं सोनं हॉटेलात नको आणि वाळूतही नको, ते घरीच ठेवून निघालेलं बरं. वाळूत पडलेली वस्तू सापडत नाही.

उंटावर बसणं

बसण्याआधी उंटाकडे नीट बघा. नाकातल्या खुंटीपाशी जखम, पू किंवा माश्या दिसल्या, पलाणाखालची कातडी सोललेली दिसली, तर दुसरा उंट मागा. हा तुमचा हक्क आहे, लाजू नका. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात उंट जेमतेम अडीच लाख भरले, आधीच्या गणनेपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घट. राजस्थानने २०१४ मध्ये त्याला राज्यपशूचा दर्जा दिला तो याच काळजीने. ट्रॅक्टर आणि पिकअपने उंटाचं काम नेलं, आता पर्यटन हा त्याचा एक आधार उरलाय. धडधाकट उंट ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं तरच तो आधार टिकेल.

दुसरी गोष्ट हिवाळ्याची. हाच काळ नर उंटांच्या माजाचा. मस्तीत आलेला नर घशातून गुडगुड आवाज काढतो, तोंडातून फेस गाळतो आणि तोंडाच्या कडेने लालसर पडदा फुगवून बाहेर काढतो. मानेच्या वरच्या टोकाशी काळपट, उग्र वासाचा स्राव दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, उंट आजारी आहे. आजारी नाही, चिडका आहे. त्याच्या तोंडासमोर जाऊ नका, मुलांना तर अजिबात नाही, आणि शक्यतो मादी किंवा शांत उंट मागून घ्या.

आता बसायचं. बसलेल्या उंटाच्या डाव्या बाजूने या, पलाणाचा पुढचा दांडा दोन्ही हातांनी धरा, पाय पलीकडे टाका, मधोमध बसा. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो. त्या क्षणी तुम्ही पुढे फेकले जाता, म्हणून मागे झुका, पाय पुढे रोवा. मग पुढचे पाय उठतात आणि धक्का उलटा बसतो, तेव्हा सरळ या. खाली बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, म्हणजे पुन्हा पुढेच झोक जातो. पुन्हा मागे झुका. उठताना आणि बसताना दोन्ही वेळा मागे, एवढं पाठ केलं तरी पुरे. पडणारे बहुतेक जण याच काही सेकंदांत पडतात, कारण एका हातात फोन असतो.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. त्यामुळे एक चाक चाकोरीत गेलेल्या बैलगाडीत बसल्यावर जसं डावी-उजवीकडे हेलकावतं, तसं सतत होत राहतं. अंग ताठ धरलं की कंबर धरते. कंबरेपासून वर सैल सोडा, त्याच्या लयीत डुला. ज्यांना एसटीत गाडी लागते त्यांना उंटही लागू शकतो. निघण्याआधी पोटभर खाऊ नका. टेकडी उतरताना मागे झुका, चढताना थोडं पुढे. पाठीमागे शाल फडफडू देऊ नका, छत्री उघडू नका, उंट बुजतो. पळवायला सांगू नका. दर पाऊण तासाने खाली उतरून दहा मिनिटं चाला. उंटवाले स्वतः बहुतेक वेळ दोरी धरून चालतच असतात, ते उगीच नाही.

स्लिप डिस्क, नुकतं झालेलं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर उंटावर बसायचंच नाही. अशांसाठी उंटगाडी मिळते, ती आधी सांगून ठेवा. लहान मूल एकट्याने बसवू नका, मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवा.

वाटेत आजूबाजूला बघा, कारण हे वाळवंट ओसाड नाही. खेजडी म्हणजे आपली शमी. पाने उंट-शेळ्यांना आणि शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी माणसांना. आकडा म्हणून जे झुडूप दाखवतील ती आपल्या बांधावरची रुई. आणि एखादी खडीन वाटेवर असेल तर उंटवाल्याला दाखवायला सांगा. उतारावरचं पावसाचं पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हरभरा-गहू घ्यायचा. पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी बसवलेली ही पद्धत. आपल्याकडे वर्षाला ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी आपण टँकर बोलावतो. इथे दोनशेच्या आतबाहेर पडतो. याच पालीवालांनी सोडलेल्या कुलधऱ्याच्या उजाड गावात भुताच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा तिथल्याच लोकांची ही करामत बघण्यात वेळ चांगला जातो.

मुक्काम

सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचायचं, हे निघतानाच सांगा. उजेड असताना तीन गोष्टी उरकून घ्यायच्या.

पहिली, झोपायची जागा. टेकडीच्या माथ्यावर वारा झोडपतो आणि अगदी तळाच्या खोलगटात गार हवा साचते. मधल्या उतारावर, वाऱ्याच्या आडोशाला, जिथे वाळू जरा सपाट आहे ती जागा धरा. खाली ताडपत्री, त्यावर गादी किंवा रजई. अंगाखालची वाळू हाताने चाचपून कंबर आणि खांद्यापाशी थोडी उकरून घ्या, शरीर नीट बसतं. उंट बसवतात त्या बाजूला डोकं करू नका, ते रवंथ करतात आणि मोठ्याने करतात.

दुसरी, शौचाची जागा. मुक्कामापासून लांब, झुडपांच्या आड, बायकांची आणि पुरुषांची दिशा वेगळी. उजेडात एकदा जाऊन वाट बघून या. हातभर खड्डा करायचा, नंतर वाळूने नीट बुजवायचा. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत परत आणायचे. बाईमाणसांनी रात्री एकटं जाऊ नये, जोडीने जावं, बॅटरी घेऊन.

तिसरी, पाण्याचा हिशोब. पिण्या-स्वयंपाकासह माणशी चारेक लिटर धरा. ताटं इथे वाळूने घासतात आणि ती चक्क स्वच्छ निघतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांना आठवतं, त्यांना तांब्याभर पाण्यात तोंड धुवायला शिकवावं लागणार नाही.

स्वयंपाक बघायला चुलीपाशी बसा. तीन दगड, त्यावर काळी झालेली पातेली. आधी आल्याचा गोड चहा, मग डाळ, बटाटा-कांद्याची भाजी किंवा बेसनाचे गट्टे, आणि बाजरीची जाड भाकरी, तिला तिकडे सोगरा म्हणतात. तो आपल्या भाकरीपेक्षा जाड, थापलेलाही हातावरच. इथे आपली शेंगदाण्याची चटणी काढायची. पाहुण्याने आणलेला डबा उघडला की उंटवाल्याशी बोलणं आपोआप सुरू होतं: पाऊस कसा झाला, चारा काय भावाने, पोरं शाळेत जातात का. हिंदी चालते. वयस्कर उंटवाल्याला ‘काकासा’ किंवा ‘भाईसा’ म्हणा. ‘ए ऊंटवाले’ अशी हाक मारणारी मंडळी मी बघितली आहेत आणि त्यांना नंतर चहा उशिरा मिळालेलाही बघितलाय. वाळूचे दाणे ताटात पडले की दातांखाली कचकच येणारच, त्याला इलाज नाही.

शेकोटी लहान ठेवा. फोग नावाचं झुडूप मुळासकट उपटून जाळल्यामुळे बऱ्याच ठिकाणी दिसेनासं झालंय. लाकूड बरोबर आणलेलं आहे का विचारा, आणि ‘अजून टाक, अजून टाक’ असा आग्रह करू नका. शिवाय आग मोठी असली की डोळे अंधाराला सरावत नाहीत.

ते सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. फोन बंद करा, फोटोत हे येत नाही. जानेवारीत जेवणं उरकेपर्यंत पूर्वेकडून मृग बराच वर आलेला असतो, त्याच्या मागोमाग व्याध, वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका. उत्तरेला ध्रुव शोधा: आपल्याकडे दिसतो त्यापेक्षा तो सात-आठ अंश वर दिसेल, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीला थोडा कमी. एवढा उत्तरेला आलोय, हे तेव्हा कळतं.

झोपताना बूट आणि डबीत घातलेला चष्मा अंथरुणात घ्या. बूट बाहेर ठेवले तर गावकुत्री किंवा खोकड पळवतात, आणि सकाळी घालण्याआधी तसेही झटकायचेच. फुरसं आणि विंचू या भागात आहेत, पण थंडीत त्यांचा वावर फार कमी. जे नक्की भेटतील ते शेणकिडे. बॅटरी लावली की वाळूवरून तुरुतुरु येतात, अंथरुणावरही चढतात. काही करत नाहीत, उचलून बाजूला ठेवा. थंडी फारच असेल तर स्टीलच्या बाटलीत गरम पाणी घालून, झाकण घट्ट आहे ना ते बघून, मोज्यात घाला आणि पायांपाशी ठेवा. डोकं झाकून घ्या, नाक उघडं.

पहाटे पाचच्या सुमाराला गारठा चांगलाच वाढलेला असतो आणि जाग येतेच. उठून बसा, चहाला अजून अवकाश असतो. उंटांचे पुढचे पाय सैल दोरीने बांधून त्यांना चरायला सोडलेलं असतं, आणि तरीही ते रात्रीत बरेच लांब जातात. उजाडता उजाडता उंटवाला खाली वाकून वाळूतले माग बघत निघतो. चार-पाच उंटांच्या मागांतून आपल्या उंटाचा माग तो ओळखतो. परवानगी विचारून त्याच्या मागे जा. त्याच वाळूवर खोकडाची सरळ रेषेतली पावलं आणि शेणकिड्याची बारीक नक्षी दिसेल. वारा सुटला की हे सगळं पुसलं जातं, म्हणून सूर्य वर यायच्या आधीच.

परत निघताना

न्याहारी झाली की मुक्कामाच्या जागेवर एक फेरी मारा, बिस्किटांचे कागद आणि बाटल्या उचला, दुसऱ्यांच्याही. सकाळची उंटाची रपेट एक-दीड तासाचीच घ्या. रात्रीच्या आखडलेल्या मांड्यांवर त्याहून जास्त जुलूम नको. बक्षिसी द्यायची ती उंटवाल्याच्या हातात द्या, ऑफिसात नाही. बऱ्याचदा उंट एकाचा, हाकणारा दुसरा आणि पैसे घेणारा तिसरा असतो.

परतीच्या गाडीचं तिकीट त्याच दिवशीचं असेल तर ते संध्याकाळनंतरचंच काढा, आणि दोन तासांसाठी अंघोळीला खोली मिळेल का हे आदल्या दिवशीच हॉटेलवाल्याशी बोलून ठेवा. केसांतली वाळू एका अंघोळीत जात नाही. कॅमेरा आणि फोनचं चार्जिंगचं भोक मऊ ब्रशने झाडल्याशिवाय वायर खुपसू नका. मोजे मशीनला लावण्याआधी उलटे करून भुरट वेचून काढा, नाहीतर ते घरभराच्या कपड्यांत फिरतं.